पारिशा : विस्तवाजवळचं जेवण आणि त्याचा हिशेब



आजचा विषय जाहीर झाला आणि मला दोन फोन आले. एकानं विचारलं, "बाई, तत्त्वज्ञान सोडून तुम्ही खानावळींवर कधीपासून बोलायला लागलात?" दुसऱ्या बाईंनी विचारलं, "आमच्याकडे कुणी मांस खात नाही. आम्ही यावं की नाही?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते.

पहिल्याचं उत्तर असं की, माणसं काय खातात, कुणाबरोबर खातात, आणि ते अन्न आलं कुठून याबद्दल काय बोलतात, काय बोलायचं टाळतात, यात नीतीचे सगळे प्रश्न सापडतात. दुसऱ्याचं उत्तर असं की, मी स्वतः गोमांस खात नाही, कोणतंच मांस खात नाही. तरीही एका परिषदेच्या निमित्तानं ब्यूनोस आयर्सला गेले असताना तिथल्या मंडळींबरोबर पारिशात जेवायला बसले. एकदा नव्हे, तीनदा. आपल्याकडे गोमांस हा शब्द उच्चारला की माणसं लगेच दोन बाजूंना जाऊन उभी राहतात. आज आपण कुठल्याच बाजूला न जाता आधी नीट बघू या. एखादी गोष्ट मान्य करायची असो वा अमान्य, ती आधी समजून घ्यावी लागते.

तर पारिशा म्हणजे काय? स्पॅनिशमध्ये हा शब्द मुळात भाजायच्या लोखंडी जाळीचा. इतर देशांत त्याचा उच्चार 'पारिया'च्या जवळ जातो. ब्यूनोस आयर्सचे लोक मात्र 'पारिशा' म्हणतात. जाळीवरून ते नाव खानावळीला पडलं. दुसरा शब्द 'आसादो'. याचे अर्थ तीन. भाजलेलं मांस म्हणजे आसादो, बरगड्यांचा एक विशिष्ट तुकडा म्हणजेही आसादो, आणि आप्तेष्टांनी विस्तवाभोवती जमून जेवायचा जो बेत असतो तोही आसादोच. आपल्याकडे 'हुरडा' म्हटलं की कणसातले दाणेही आले आणि शेतात आगटीभोवती बसून खायचा कार्यक्रमही आला, तसंच हे. घरी भाजणारा तो 'आसादोर', खानावळीत भाजणारा तो 'पारिशेरो'.

आता आत जाऊ या. जुन्या वळणाच्या पारिशात भाजण्याची जागा आतल्या स्वयंपाकघरात दडवलेली नसते. बहुतेक ठिकाणी ती दारात शिरल्याबरोबर दिसते, काही ठिकाणी रस्त्यावरच्या काचेतूनही दिसते. पारिशेरो एका बाजूला लाकूड किंवा कोळसा पेटवतो. जाळ मांसाखाली नसतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. जाळ शेजारी जळतो, त्यातून निखारे पडतात, आणि पारिशेरो ते लांब दांड्याच्या फावड्यानं किंवा खोऱ्यानं ओढून जाळीखाली पसरतो. कुठे दाट, कुठे विरळ. काही जाळ्यांच्या सळया पन्हाळीसारख्या असतात आणि जाळी थोडी उतरती असते, म्हणजे चरबी निखाऱ्यांवर न ठिबकता पुढच्या चरात वाहून जाते. जाळी वरखाली करायला बाजूला चाक असतं. उष्णता किती हे पारिशेरो तळहात जाळीच्या वर धरून ओळखतो. हात किती वेळ टिकतो, त्यावर ठरतं.

मसाला? मीठ. जाडं मीठ, बस्स. आपल्याला हे चमत्कारिक वाटतं, कारण आपल्या पाककलेचा निम्मा जीव वाटणात असतो. तिथे सगळं कौशल्य वेळेत आणि अंतरात आहे. बरगड्या किंवा कुशीकडचा मोठा तुकडा मंद निखाऱ्यावर दीड-दोन तास राहतो. घाई करणारा माणूस या धंद्यात टिकत नाही.

लाकडांमध्ये एक नाव महत्त्वाचं आहे : केब्राचो. उत्तरेकडच्या चाको प्रदेशातलं हे झाड इतकं कठीण की त्याच्या नावाचाच अर्थ 'कुऱ्हाड मोडणारा'. त्याचा कोळसा बराच वेळ धगधगत राहतो. या झाडातून कातडी कमावायला लागणारं टॅनिन निघतं. त्यासाठी आणि रेल्वेच्या स्लीपरांसाठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात केब्राचोची जंगलंच्या जंगलं तुटली. म्हणजे आपण अजून टेबलाशी बसलोही नाही, आणि हिशेबाची पहिली ओळ लिहून झाली.

आता टेबलाशी बसू. वेळ रात्रीची नऊ. त्याआधी गेलात तर खुर्च्या रिकाम्या दिसतील. साडेदहाला लहान मुलांना घेऊन कुटुंबं येतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. वाढणाऱ्याला 'मोसो' म्हणतात. जुन्या पारिशात तो बहुधा पन्नाशी-साठीचा, हे काम आयुष्यभर केलेला गृहस्थ असतो. पाव येतो. बिलात त्याबद्दल 'कुबिएर्तो' नावाची एक रक्कम लागते. ती बक्षिशी नव्हे, टेबलाचं भाडं म्हणा. सोबत चिमिचुरी : पार्सली, लसूण, ओरेगानो, लाल मिरचीची भरड, व्हिनेगर आणि तेल. ही मुख्यतः सॉसेजवर घ्यायची. उत्तम मांसावर चिमिचुरी ओतणं हा पारिशेरोचा अपमान आहे, असं मानणारे लोक तिथे पुष्कळ भेटतात.

मग क्रमानं पदार्थ येतात. आधी चोरिसो, म्हणजे सॉसेज. तो पावात घातला की त्याचा 'चोरिपान' होतो, आणि तो रस्त्यावर उभ्यानंही खातात. मोर्सिशा, म्हणजे रक्त भरून केलेलं सॉसेज. त्यानंतर 'आचुरास', म्हणजे आतले अवयव : चिंचुलिनेस हे लहान आतडं, मोशेहास या ग्रंथी, शिवाय मूत्रपिंडं. मग मोठे तुकडे. बरगड्या हाडासकट आडव्या कापून केलेली पट्टी म्हणजे आसादो दे तीरा. कुशीचा भाग तो वासिओ. पडद्याचा स्नायू तो एन्त्रान्या. जाड बिफे दे चोरिसोचा सॉसेजशी संबंध नाही, नाव तेवढं सारखं. एक तुकडा 'मातांब्रे', त्याचा शब्दशः अर्थ 'भूक मारणारा'. मोसो विचारतो : 'हुगोसो', म्हणजे आत रसरशीत हवं, 'आ पुन्तो', म्हणजे मध्यम, की 'कोसीदो', म्हणजे पुरतं शिजलेलं? सोबत बटाट्याच्या तळलेल्या काड्या आणि लेट्यूस-टोमॅटो-कांद्याची साधी कोशिंबीर. प्यायला माल्बेक ही लाल वाइन, फ्रान्समधून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मेंदोसात आलेल्या द्राक्षाची. जुन्या ठिकाणी ती पेंग्विनच्या आकाराच्या चिनी मातीच्या चंबूत येते आणि शेजारी सोड्याची बाटली असते. (हशा) हो, वाइनमध्ये सोडा घालतात. जाणकार नाकं मुरडतात, पण जुनी माणसं घालतात. शेवटी फ्लान नावाचं कॅरमेल पुडिंग आणि त्यावर दुल्से दे लेचे. साखर घालून दूध आटवलं की जे दाट, तपकिरी होतं ते.

आणि आमच्यासारख्यांनी काय खायचं? उपाशी राहावं लागत नाही. प्रोवोलेता नावाची चीजची जाड चकती जाळीवर भाजतात. वरून खरपूस, आतून वितळलेली, वर ओरेगानो. भाजलेली ढोबळी मिरची असते. इटालियन लोक मोठ्या संख्येनं तिथे स्थायिक झाल्यामुळे गल्लीतल्या बहुतेक पारिशात पास्ताही मिळतो. मी मांस खात नाही म्हटल्यावर एका मोसोनं मोठ्या काळजीनं विचारलं, "मग थोडं चिकन आणू?" (हशा) त्या प्रश्नात टिंगल नव्हती. 'कार्ने', म्हणजे मांस, या शब्दाचा अर्थ त्याच्या लेखी गाईबैलाचं मांस एवढाच होता. शब्दांच्या सीमा जेवणाच्या टेबलावर अशा उघड्या पडतात.

आता थोडं मागे जाऊ. हे सगळं तिथे का घडलं?

गुरं मूळची अमेरिकेतली नाहीत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ती आणली. पांपा नावाचं अफाट गवताळ मैदान. गुरं रानोमाळ वाढली. पुढची दोनशे वर्षं तिथे किंमत होती ती कातड्याला. जनावर मारायचं, कातडं आणि चरबी घ्यायची, थोडं मांस खायचं, बाकी टाकून द्यायचं. गाउचो, म्हणजे घोड्यावरचे गुराखी, जवळजवळ मांसावरच जगत. चार्ल्स डार्विन १८३३ साली या मैदानातून हिंडला तेव्हा त्यालाही कित्येक दिवस दुसरं काही खायला मिळालं नव्हतं, असं त्यानं नोंदवून ठेवलं आहे. मग खारवण्याचे कारखाने निघाले. ते खारवलेलं मांस ब्राझील आणि क्यूबातल्या मळ्यांवर जाई, तिथल्या गुलामांच्या पोटात. १८७६ साली फ्रान्सहून 'फ्रिगोरिफिक' नावाचं जहाज थंड केलेलं मांस घेऊन ब्यूनोस आयर्सला पोचलं आणि समुद्रापार ताजं मांस पाठवता येतं हे दिसलं. त्यानंतर शीतगृहं आली, रेल्वे आली, ब्रिटिश भांडवल आलं, आणि पांपा ब्रिटनचा खाटीकखाना झाला.

याच काळात इटली-स्पेनमधून लाखो गरीब माणसं बोटीनं आली. त्यांच्या गावी मांस सणासुदीला मिळे. इथे मजुरालाही ते रोज परवडू लागलं. हे नीट समजून घ्या, कारण पारिशाचं मर्म इथे आहे. ज्याच्या बापानं मालकाच्या ताटातलं मांस लांबून पाहिलं, त्याला ते आता स्वतःच्या ताटात मिळालं. ब्यूनोस आयर्समध्ये इमारतींच्या बांधकामावर गवंडी दुपारी वाळूच्या ढिगाशेजारी जाळी मांडून आसादो करतात, ही जुनी चाल आहे. त्या मजुराला 'मांस सोड' असं सांगणं म्हणजे त्याच्या कानावर 'तुझी पायरी ओळख' असं पडतं. सांगणाऱ्याच्या मनात तसं नसेलही, पण ऐकू तसं येतं.

म्हणून तिथे मांसाचा भाव हे राजकारण असतं. १९५२ साली, दुष्काळ पडला तेव्हा, पेरॉनच्या सरकारला मांस न विकण्याचे दिवस ठरवून द्यावे लागले. २००६ साली आणि पुन्हा २०२१ साली सरकारनं देशातला भाव आवरायला गोमांसाची निर्यात काही काळ रोखली. गेल्या शतकाच्या मध्यावर माणशी वर्षाला शंभर किलोच्या आसपास गोमांस खाल्लं जाई. आज ते साधारण निम्म्यावर आलं आहे. काहींनी स्वेच्छेनं कमी केलं, पण पुष्कळांनी खिशाकडे बघून केलं. ज्याला परवडत नाही म्हणून सुटलं, त्याच्या सुटण्याला आपण संयम म्हणू शकत नाही.

आता तत्त्वज्ञानाकडे येते. क्लोद लेव्ही-स्त्रोस हा फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ. त्यानं १९६०च्या दशकात भाजणं आणि उकडणं यांतला फरक मांडला. उकडायला भांडं लागतं, पाणी लागतं. ते घरातल्यांसाठीचं, आतलं अन्न. भाजणं थेट विस्तवावर. ते पाहुण्यांसाठीचं, बाहेरचं अन्न. अर्जेंटिनात हे बरंचसं लागू पडतं. 'पुचेरो' नावाचं मांस आणि भाज्यांचं उकडलेलं जेवण घरातलं, बायकांनी केलेलं, त्याचा गाजावाजा नाही. आसादो अंगणातला, पुरुषानं केलेला, आणि जेवण झालं की पाहुणे म्हणतात, 'आसादोरसाठी टाळ्या!' आणि टाळ्या वाजवतात. कोशिंबीर चिरणारीसाठी, भांडी घासणारीसाठी टाळ्या वाजत नाहीत. हे काही आपल्याला परकं नाही. लग्नाच्या पंगतीत आचाऱ्याचं कौतुक होतं. रोज पोळ्या लाटणारीचं किती वेळा होतं, हे ज्यानं त्यानं आठवून बघावं.

आता सर्वांत अवघड भाग : जनावर. पारिशात ते लपवलेलं नाही. आतडं आतडं म्हणूनच मागवतात, रक्त रक्त म्हणूनच. मोठ्या शहरांतल्या सुपरमार्केटात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला गुलाबी चौकोन मिळतो, त्याला ना डोळे ना नाव. पारिशात तसं नाही. माझे तिथले यजमान तत्त्वज्ञानाचेच प्राध्यापक होते, त्यांनी तीन मुद्दे मांडले. एक, खाणं-खाल्लं जाणं हा निसर्ग आहे. दोन, ही आमची परंपरा आहे. तीन, आम्ही निदान डोळ्यांदेखत खातो, ढोंग करत नाही.

मी त्यांना म्हटलं, पहिल्या मुद्द्यात दम नाही. आपण सिंहाकडून बाकी कुठलीच नीती शिकत नाही, मग जेवणापुरतीच का शिकावी? दुसरा मुद्दा समजूत घालतो, समर्थन करत नाही. माणसं असं का करतात हे परंपरेवरून कळतं. ते करावं का, हा प्रश्न उरतोच. तिसरा मुद्दा मात्र मला वजनदार वाटला. डोळ्यांदेखत खाणाऱ्यानं आत्मवंचनेचा दोष टाळलेला असतो, आणि तो दोष लहान नाही. पण एक दोष टळला म्हणून दुसरा टळत नाही. मारणं उघड केलं म्हणून ते मारणं राहत नाही असं होत नाही. आणि हे तिथल्या लेखकांनीही ओळखलं होतं. एस्तेबान एचेवेरिया यांनी १८४०च्या आसपास 'एल मातादेरो', म्हणजे 'कत्तलखाना', ही कथा लिहिली. ती त्यांच्या मृत्यूनंतर १८७१ साली छापली गेली. हुकूमशहा रोसासचा काळ, पुरामुळे शहरात मांस नाही, मग गुरं येतात, कापाकापी सुरू होते, आणि त्याच आवारात तीच माणसं विरोधी पक्षाच्या एका तरुणाला पकडतात आणि त्यांच्या तावडीत त्याचा अंत होतो. कापण्याची सवय जनावरापाशी थांबते का, असा प्रश्न ती कथा वाचणाऱ्याला पडतोच.

मग यजमानांनी माझ्या ताटाकडे बोट दाखवलं. "ही प्रोवोलेता कुठून आली?" प्रश्न बरोबर होता. चीज दुधाचं. गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही, आणि व्यालेल्या वासरांपैकी निम्मे नर. दुधाच्या व्यवसायात त्या नरांचं काय होतं, याचं उत्तर सुखद नाही, तिथेही नाही आणि इथेही नाही.

आणखी एक धागा सांगते. तो तर सरळ आपल्या घरात येतो. १९९६ नंतर अर्जेंटिनात जनुकबदल केलेल्या सोयाबीनची लागवड झपाट्यानं वाढली. पांपाची चांगली कुरणं नांगराखाली आली. गुरं कडेच्या प्रदेशांत सरकली किंवा कोंडवाड्यात धान्यावर पोसली जाऊ लागली. गवतावर मोकळी चरणारी गाय हे पारिशाचं जे चित्र आहे, ते आता अर्धवटच खरं आहे. आणि त्या सोयाबीनचं तेल कोण घेतं? भारत हा त्याचा फार मोठा गिऱ्हाईक आहे. आपल्याकडे दुकानात सोयाबीनचं जे रिफाइंड तेल मिळतं, त्यातलं बरंचसं अर्जेंटिनातून बोटीनं येतं. म्हणजे साबुदाण्याचे वडे तळणारी आपल्यातली एखादी गृहिणी आणि ब्यूनोस आयर्सचा पारिशेरो, दोघंही एकाच मैदानावर जगताहेत.

यावरून काही जण लगेच निष्कर्ष काढतात : सगळेच गुंतलेले, म्हणून कुणालाच बोलायचा हक्क नाही. हा आळशी निष्कर्ष आहे. हिशेबात सगळ्यांचं खातं असलं तरी सगळ्यांची रक्कम सारखी नसते. जनावर मारून खाणं आणि त्याच्या दुधाचं चीज खाणं यांत फरक आहे; मी तो मानते आणि म्हणूनच खात नाही. पण माझी रक्कम शून्य आहे, असं समजून इतरांकडे बघण्याचा हक्क मला नाही. शून्य नसताना शून्य लिहिणं म्हणजे खोटा हिशेब.

एक गोष्ट सांगून संपवते. कांटनं १७९८ सालच्या एका ग्रंथात म्हटलं आहे की जेवायला तीनपेक्षा कमी आणि नऊपेक्षा जास्त माणसं नसावीत, आणि तत्त्वज्ञानं एकट्यानं जेवणं आरोग्याला चांगलं नाही. त्याचा रोख संभाषणाकडे होता. पारिशात या संभाषणाला नाव आहे : 'सोब्रेमेसा'. ताटं उचलली गेली, कॉफी आली, तरी कुणी उठत नाही. बिल मागितल्याशिवाय मोसो आणत नाही. न मागता आणणं असभ्य समजतात. त्या तास-दीड तासात मी वर सांगितलेला सगळा वाद झाला. आवाज चढले, हातवारे झाले. पण मला कुणी 'चाखून तरी बघा' म्हणालं नाही, आणि मीही कुणाच्या ताटाकडे बघून तोंड वाकडं केलं नाही. एवढं पथ्य दोन्हीकडून पाळलं गेलं, म्हणून तो वाद शक्य झाला. एकत्र जेवायला अन्न एकच असावं लागतं असं नाही. वेळ एकच द्यावा लागतो, आणि आपल्या ताटाबद्दलचा प्रश्न ऐकून घ्यावा लागतो.

आपल्याकडे कुणाबरोबर बसायचं हे ताटात काय आहे त्यावरून ठरवण्याची सवय फार जुनी आहे. त्या सवयीनं माणसांच्या वाट्याला काय आलं, हे या सभागृहात सांगायला नको. मांस खावं की नाही, हा प्रश्न खरा आहे आणि तो विचारलाच पाहिजे. तो एका टेबलाशी बसून विचारायचा की दारं लावून घेऊन, हे मात्र आपल्या हातात आहे.

प्रश्नांसाठी पंधरा मिनिटं राखून ठेवली आहेत. ज्या बाईंनी 'यावं की नाही' असं विचारलं होतं त्या आल्या असतील, तर पहिला प्रश्न त्यांचा.